पहिला फ्लॅट पाहायला निघताना: नागपुरात साइटवर नेमकं काय तपासायचं?

नवं_छप्पर

पहिलंच घर, दोन बीएचके, बजेट सगळं धरून ५० लाख. मनीषनगर, बेसा आणि दाभा या भागांत शोध सुरू आहे. येत्या शनिवार-रविवारी दोन नव्या स्कीमचे सॅम्पल फ्लॅट आणि तीन रिसेल पाहायचे आहेत. एका जागी अर्धा-पाऊण तास मिळतो, दलाल सोबत असतो. तेवढ्या वेळात काय मोजायचं, कोणाला काय विचारायचं, कोणते कागद मागायचे? रंग, मॉड्युलर किचन वगैरे नको. ज्यात पुढे पैसे जातात किंवा मनस्ताप होतो, ते सांगा.

ओळंबा

सॅम्पल फ्लॅटपासून सुरू करतो, कारण नजर तिथंच जास्त फसते. तिथले पलंग आखूड असू शकतात, आतल्या दारांचे पल्ले काढून ठेवलेले असतात आणि बीम पीओपीच्या मागे गेलेले असतात. पाच मीटरचा टेप सोबत न्या. आधी पलंग मोजा, मग खोली. घरातला डबल बेड साधारण सहा बाय साडेसहा फूट असतो. दहा फुटी खोलीत साडेसहा फूट पलंगाची लांबी आणि समोर दोन फुटी कपाट धरलं की उरतो दीड फूट. त्यात उघडणाऱ्या दाराचं कपाट बसत नाही, सरकत्या दाराचंच घ्यावं लागतं. खोलीच्या दाराचा पल्ला आत कुठे फिरतो आणि कपाटाला लागतो का, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

मग म्हणा, "आता जो विकताय तो फ्लॅट दाखवा." त्याच मजल्यावरचा, त्याच बाजूचा. स्लॅब टाकून झाला असेल तर हेल्मेट घालून वर जा. तिथं दोन गोष्टी दिसतात ज्या सॅम्पलमध्ये दिसत नाहीत: कोपऱ्यात आलेला कॉलम आणि खिडकीसमोरची शेजारची भिंत. शेजारचा प्लॉट रिकामा असेल तर आजचा उजेड कायमचा धरू नका, तिथं इमारत उभी राहणारच.

क्षेत्रफळाचं: महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. नागपूर जिल्ह्यातले प्रकल्प पी ५०५ नं सुरू होतात. फ्लॅटचं कार्पेट क्षेत्र तिथं चौरस मीटरमध्ये मिळतं, त्याला १०.७६४ नं गुणलं की चौरस फूट. समजा ६१.४ चौ.मी. आहे, म्हणजे ६६१ चौ.फूट. तोच फ्लॅट सुपर बिल्टअप (जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून) १,०५० म्हणून ४,६०० रुपये दरानं सांगितला तर किंमत ४८.३० लाख, आणि वापरायच्या जागेचा खरा दर ७,३०० च्या वर. पाचही फ्लॅटांची तुलना या दरानंच करा, जाहिरातीतल्या दरानं नको.

तिसरा_मजला_डावीकडे

भाऊ, कार्पेटमध्ये बाल्कनी येते ना? आमच्या इकडच्या स्कीमवाल्यांनी तसंच सांगितलं.

ओळंबा

नाही येत. रेरा कायद्यानुसार कार्पेट म्हणजे फ्लॅटच्या आतली वापरायची जागा, आतल्या भिंतींसकट. बाहेरच्या भिंती, डक्ट, फ्लॅटची स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात धरत नाहीत. म्हणून टेपनं मोजलेल्या खोल्यांची बेरीज कार्पेटपेक्षा थोडी कमी येते, ते बरोबर आहे. पण बाल्कनी मिळवल्यावरच आकडा जुळत असेल तर गडबड आहे. महारेराच्या नमुना करारात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य आहे. त्याहून कमी जागा भरली तर बिल्डरला जास्तीचे पैसे परत करावे लागतात.

आणखी एक. १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. पण जमीन ५०० चौ.मी.पर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर नोंदणीच लागत नाही. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, खामल्यासारख्या भागांत जुना बंगला पाडून उभ्या राहणाऱ्या लहान स्कीम बऱ्याचदा या सवलतीत बसतात. त्या वाईट असतात असं नाही, पण तिथं संकेतस्थळावर काही सापडणार नाही. सगळी पडताळणी कागदांवरून वकिलाकडूनच करून घ्यावी लागते.

खस_आणि_कूलर

नागपुरात घर पाहायचं तर संध्याकाळी सहा ते आठ या वेळात एकदा तरी पाहा. भर दुपारी सगळीच घरं तापलेली असतात, फरक कळत नाही. पश्चिमेची भिंत दुपारभर ऊन पिते आणि ती उष्णता आत सोडते सूर्य मावळल्यावर. तेव्हा बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीवर आतून तळहात ठेवा, मग पूर्वेच्या भिंतीवर ठेवा. मास्टर बेडरूम पश्चिमेला, बाहेर झाड नाही, भिंत साडेचार इंची, असं असेल तर मे महिन्यात रात्री बारापर्यंत ती खोली निवत नाही. भिंतीची जाडी खिडकीच्या चौकटीपाशी टेप लावून लगेच कळते.

दुसरं म्हणजे कूलर. नव्या स्कीममध्ये याचा विचारच केलेला नसतो. तीन ट्रॅकची सरकती खिडकी आणि बाहेरून पक्की ग्रील असली की कूलरचं तोंड बसवायला जागा उरत नाही. हॉलला लागून बाल्कनी आहे का, तिथं पाण्याचा नळ, प्लगपॉइंट आणि पाणी जायला जाळी आहे का, हे विचारा. आणि आत आलेली हवा बाहेर कुठून जाणार ते पाहा. समोरच्या बाजूला खिडकी नसेल तर कूलर लावून घरात नुसता दमटपणा वाढतो, गारवा येत नाही. रिसेलमध्ये कूलरची खिडकी ओळखू येते. तिच्या खालची भिंत आतून-बाहेरून नक्की पाहा. वर्षानुवर्षं पाणी झिरपलेलं असेल तर प्लास्टर फुगलेलं असतं.

मेडिकल_चौक

टॉप फ्लोअर स्वस्त मिळून राहिला आहे. वरून पांढरा उष्णतारोधक रंग मारला तर चालणार नाही का?

ओळंबा

रंगानं स्लॅब कमी तापतो, हे खरं. पण तीन अडचणी आहेत. गच्ची सामाईक असते, त्यामुळे अपार्टमेंटच्या संघटनेची संमती लागते. रंग धुळीनं मळतो, झिजतो आणि काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. आणि खाली वॉटरप्रूफिंग खराब असेल तर रंग मारून गळती थांबत नाही. म्हणून आधी गच्चीवर जा. विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर चायना मोझॅक असेल तर भेगा, उखडलेले तुकडे आणि पॅरापेटच्या कडेची गोलाई पाहा. पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी माती साचून गवत उगवलं असेल तर तिथं पाणी तुंबतं, असं समजा. मग खाली येऊन फ्लॅटच्या छतावर, पंख्याच्या हुकाभोवती आणि कोपऱ्यात पिवळे डाग शोधा. फक्त छतालाच ताजा रंग दिसला तर विक्रेत्याला कारण विचारा.

आता भेगांबद्दल, कारण आपल्याकडे हा विषय मोठा आहे. शहराच्या पश्चिम आणि दक्षिण पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते. पाया खाली मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेला नसेल तर इमारत वर-खाली ओढली जाते. फ्लॅटमध्ये शिरण्याआधी इमारतीला एक फेरी मारा. प्लिंथ (जोतं) आणि बाहेरच्या फरसबंदीत फट पडली आहे का, कंपाउंडची भिंत कललेली आहे का, पार्किंगची फरशी मधेच खचली आहे का, हे पाहा. नुसतं कंपाउंड आणि फरसबंदी हलली असेल तर ते किरकोळ. त्यांचा पाया उथळच असतो. मुख्य इमारतीच्या भिंतीत मात्र खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग असेल, तीही खालपासून वरच्या मजल्यापर्यंत त्याच रेषेत, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बीम आणि विटांची भिंत जिथं मिळते तिथली आडवी, सरळ, केसाएवढी भेग घाबरण्यासारखी नसते. तिथं जाळी न लावता प्लास्टर केलेलं असतं, दोन वेगळे पदार्थ वेगवेगळे प्रसरण पावतात, म्हणून ती येते. कॉलमच्या कडेला उभी भेग आणि तिच्यातून गंजाचा तपकिरी ओघळ असेल तर आतली सळई फुगते आहे. वीस-पंचवीस वर्षं जुन्या इमारतींत स्टिल्ट पार्किंगमधले कॉलम खालच्या दोन-तीन फुटांत नीट पाहा, गाड्या धुतल्याचं पाणी तिथंच मुरतं.

पाणीपट्टी

बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि पाहत राहा. पाच मिनिटांनंतरही कोपऱ्यात डबकं राहिलं तर उतार चुकला आहे, आणि तो दुरुस्त करायचा म्हणजे फरशी फोडणं आलं. बाथरूमच्या भिंतीची दुसरी बाजू बेडरूममध्ये कुठं येते ते शोधा. तिथं कपाट ठेवलं असेल तर मागे टॉर्च मारा. भिंतीला पांढरा लोणा किंवा फुगवटा दिसला तर पाणी झिरपतंय. जमलं तर खालच्या मजल्यावरच्या लोकांना विचारा, त्यांच्या बाथरूमच्या छतावरून वरच्या घराची खरी हालत कळते.

पाण्याचा प्रश्न भागानुसार बदलतो. महापालिकेच्या हद्दीत ऑरेंज सिटी वॉटरचं कनेक्शन आहे का, मीटर कोणाच्या नावानं आहे आणि मागचं बिल भरलं आहे का, ते पाहा. हद्दीबाहेर, बेसा-बेलतरोडीकडे, स्कीमनिहाय विचारा: नळ आहे की फक्त बोअर? बोअर एप्रिल-मेमध्ये किती तास चालते? टँकर लागतो का, आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा? हे दलालाला नको, चौकीदाराला आणि पाणी भरत असलेल्या एखाद्या ताईंना विचारा. एका माणसाला रोज १३५ लिटर धरतात. वीस फ्लॅट आणि शंभर माणसं म्हणजे दिवसाला १३,५०० लिटर. टाक्या किती लिटरच्या आहेत ते पाहून हिशेब लावा. बोअरचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत द्या. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. कठीणपणाची हीच मर्यादा २०० आणि ६०० आहे. नळांवर आणि शॉवरवर पांढरा थर साचलेला दिसला तर गिझर लवकर खराब होणार.

सांडपाणीही विचारा. गटारलाइन नसलेल्या लेआउटमध्ये सेप्टिक टँक असतो. त्याचं झाकण कुठं आहे आणि बोअरपासून किती लांब आहे, ते स्वतः चालत जाऊन पाहा.

नाल्याकाठचा

पुराचं राहिलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कार्पोरेशन कॉलनी, शंकरनगर भागात घराघरांत पाणी शिरलं. नदी आणि नाल्याच्या जवळ घर पाहत असाल तर नकाशावर नाला शोधा, तो पुढे कुठं अरुंद होतो ते पाहा, आणि पार्किंगमध्ये विजेच्या मीटरची पेटी जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. आधी पाणी आलेल्या इमारतींत ती पेटी नंतर वर सरकवलेली असते, जुन्या पेटीच्या जागी भिंतीवर चौकोनी खूण राहते.

नाला जवळ नसला तरी सिमेंट रोड पाहा. कितीतरी जुन्या वस्त्यांत डांबरी रस्त्यावर सिमेंटचा रस्ता चढला आणि प्लॉट खाली राहिला. गेटमधून आत येताना उतार लागत असेल तर पावसाचं पाणीही त्याच वाटेनं आत येणार. ग्राउंड फ्लोअर किंवा जुना डुप्लेक्स घेणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

नवं_छप्पर

सगळं टिपून घेतोय, धन्यवाद. दोन प्रश्न. दाभ्याच्या एका रिसेलमध्ये "आरएल झालेलं आहे" असं सांगतात, पण ओसी नाही. आणि बेसा बाजूच्या एकात "ग्रामपंचायतीची मंजुरी आहे" म्हणतात. हे चालतं का?

आखीव_पत्रिका

आरएल म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, ते प्लॉटचं असतं, इमारतीचं नाही. आधी डिमांड (मागणीपत्रातली रक्कम) भरायची, मग नागपूर सुधार प्रन्यास अनधिकृत लेआउटमधला प्लॉट गुंठेवारी कायद्याखाली नियमित करून ते पत्र देते. त्या प्लॉटवर उभ्या इमारतीसाठी स्वतंत्र मंजूर नकाशा लागतो, आणि बांधून झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजेच ओसी. तेव्हा तिन्ही मागा: आरएल, मंजूर नकाशा, ओसी. ओसी नसेल तर नकाशा हातात घेऊन इमारतीसमोर उभं राहा आणि मजले मोजा. नकाशात तीन आणि प्रत्यक्षात चार असतील, आणि तुम्हाला चौथा दाखवत असतील, तर तिथून निघा. पार्किंगमध्ये दुकान किंवा खोली काढली असेल तर तेही नकाशाशी ताडून पाहा.

ग्रामपंचायतीचं म्हणाल तर, महानगर क्षेत्रात बांधकाम परवानगी एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) लागते. ग्रामपंचायतीचा ठराव किंवा घर टॅक्सची पावती म्हणजे मंजूर नकाशा नव्हे. टॅक्स अनधिकृत घरालाही लागतो. तसंच जमीन अकृषक झाल्याचा आदेश आणि सातबाऱ्यावरची नोंद पाहा. मौजा (गाव) आणि खसरा (जमिनीच्या तुकड्याचा) क्रमांक सगळ्या कागदांवर एकच आहे का, हे अंकन्‌अंक जुळवा; बरेच घोळ तिथंच सापडतात.

जुन्या शहरी भागात सातबारा नसतो, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असते. ती नगर भूमापनची ताजी काढायला सांगा आणि सत्ताप्रकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्कानं आहे ते, वाचा. प्लॉट नझूलचा (सरकारी जमिनीचा) किंवा प्रन्यासच्या लीजचा असेल तर लीज कधी संपते, भूभाटक (जमिनीचं भाडं) भरलेलं आहे का आणि हस्तांतरासाठी ना हरकत लागते का, हे बयाण्याआधी स्पष्ट व्हायला हवं. लीज संपलेली असेल तर बँक फाइल अडवते.

आपल्याकडे बहुतेक फ्लॅट स्कीम सहकारी संस्थेऐवजी १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली असतात. तिथं डीड ऑफ डिक्लेरेशन (इमारत या कायद्याखाली आणणारा दस्त) नोंदलं आहे का आणि विक्रीपत्रात जमिनीतला अविभाजित हिस्सा किती टक्के लिहिला आहे, ते पाहा. सगळ्या फ्लॅटांचे हिस्से मिळून शंभर टक्के व्हायला हवेत. उद्या इमारत पाडून नवी करायची झाली तर तुमचा हक्क याच आकड्यावर ठरतो.

आममुखत्यारपत्रावर विकणारा माणूस भेटला तर थांबा. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. मूळ मालक हयात आहे का, मुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे का आणि ते रद्द झालेलं नाही ना, हे वकील पाहील. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या नोंदींच्या शोधाचा अहवाल) तुमच्या वकिलाकडून घ्या, बिल्डरनं दिलेल्या छापील रिपोर्टवर भागवू नका.

हिशेब_पक्का

५० लाखांचं गणित आत्ताच मांडा. वरच्या ४८.३० लाखांच्या उदाहरणात फ्लॅट बांधकामाधीन असेल तर ५ टक्के जीएसटी म्हणजे २.४१ लाख. मुद्रांक शुल्क पुरुषाच्या नावानं ७ टक्के, महिलेच्या नावानं ६. महिलेच्या नावानं धरलं तर २.९० लाख. नोंदणी फी कमाल ३०,००० रुपये. झाले जवळपास ५३.९० लाख. म्हणजे तो फ्लॅट तुमच्या बजेटमध्ये नाहीच.

ओसी मिळालेल्या फ्लॅटला आणि रिसेलला जीएसटी लागत नाही. नव्यात किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट ९० चौ.मी.च्या आत असेल तर नागपुरात दर १ टक्का. पण त्या ४५ लाखांत पार्किंग आणि विकासखर्चासारखे बिल्डर घेतो ते पैसेही धरतात. ४४ लाखांचा फ्लॅट आणि दीड लाखाचं पार्किंग झालं की दर ५ टक्के.

कर्ज ३० ते ७५ लाखांमध्ये असेल तर बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत, ते पैसे खिशातूनच जातात. व्यवहार ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस खरेदीदारानंच कापून भरायचा असतो.

पार्किंगबद्दलही सांगतो. उघडी जागा सामाईक असते, ती बिल्डरला विकता येत नाही. छताखालची विकत असतील तर करारात क्रमांक आणि लांबी-रुंदी लिहून घ्या आणि साइटवर दोन कॉलममधलं अंतर मोजा. गाडीला अडीच बाय पाच मीटर हवंच. दोन कॉलमच्या मधे गाडी बसली तरी दार उघडून माणूस उतरला पाहिजे.

तिसरा_मजला_डावीकडे

विजेचं कोणी सांगा ना, रिसेलसाठी.

मेडिकल_चौक

महावितरणचं शेवटचं बिल मागा. त्यावर मंजूर भार असतो. दोन एसी आणि गिझर चालवायचे असतील तर तो वाढवावा लागेल का ते कळतं. वितरण पेटी उघडून आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का पाहा, त्याचं टेस्ट बटण दाबा, लगेच ट्रिप व्हायला हवा. एसी आणि गिझरचे पॉइंट १६ अँपिअरचे हवेत. लिफ्टमध्ये परवाना लावलेला आहे का तेही पाहा. आणि इमारतीवरून किंवा शेजारून हाय टेन्शन लाइन जात असेल तर ती बाल्कनीतून आणि गच्चीतून किती जवळ येते, ते वर जाऊनच पाहा.

नवं_छप्पर

शेवटचं. रिसेल आवडला तर दलाल म्हणतो "आजच एक लाख टोकन द्या, दुसरी पार्टी आहे." किती द्यावं, आणि कशावर?

आखीव_पत्रिका

कागद पाहिल्याशिवाय काहीच नाही. विक्रीपत्र, सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), मंजूर नकाशा, ओसी, टॅक्स पावती आणि विक्रेत्याचं कर्ज असेल तर बँकेचं बाकी रकमेचं पत्र, एवढ्यांचे फोटो आधी मागा. दोन दिवसांत वकिलाला दाखवून होतात. त्यानंतर बयाणापत्र करा. त्यात एकूण किंमत, पार्किंगचा क्रमांक, ताबा देण्याची तारीख, आणि ही अट लिहा: मालकी हक्कात दोष निघाला किंवा त्या कारणानं बँकेनं कर्ज नाकारलं तर बयाणा इतक्या दिवसांत पूर्ण परत. टॅक्स, वीज, पाणी आणि मेंटेनन्सची थकबाकी ताब्याच्या दिवसापर्यंत विक्रेत्याची, हेही लिहा. नव्या स्कीममध्ये नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, रेरा कायद्याचं कलम १३ तसं सांगतं.

रक्कम चेकनं किंवा खात्यातूनच द्या. आणि सूची क्रमांक दोनवर दोन मालक असतील तर बयाणापत्रावर दोघांच्याही सह्या घ्या. एकट्या नवऱ्याची किंवा एकट्या भावाची सही चालवून घेऊ नका.